अडीच एकर, ऊस-हळद आणि पुण्याचं गिऱ्हाईक : आधी काय, मग काय?

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातून आला आहे. विचारणाऱ्या ताई घरचा हिशेब सांभाळतात. अडीच एकर रान, त्यातलं दीड एकर ऊस (यंदा खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला), एक एकर हळद, दोन संकरित गाई, गावच्या सहकारी विकास सोसायटीचं पीककर्ज. हळद दरवर्षी मार्चमध्ये सांगलीला जाते आणि आलेले पैसे सोसायटीत भरून संपतात. आता तीन वाटा समोर आहेत : सगळं रान सेंद्रिय करायचं, घरची हळद पावडर करून पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांत थेट विकायची, की गावात नव्याने झालेल्या शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकऱ्यांनीच भाग घेऊन काढलेल्या कंपनीत, सामील व्हायचं.

ताई, तुम्ही जी गोष्ट ओघात एका ओळीत सांगून टाकली आहे, तिथूनच सुरू करतो. हळद मार्चमध्ये का जाते? कारण सोसायटीची वसुली मार्चमध्ये असते. खरिपाच्या पीककर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी ३१ मार्च. मुदतीत भरलं तर व्याजसवलत मिळते, एक दिवस चुकला तरी ती हातची जाते. त्यामुळे शिजवून, वाळवून, पॉलिश करून झालेला माल घरात चार आठवडेसुद्धा थांबत नाही. आणि हे तुमच्या एकटीच्या घरी घडत नाही. अख्ख्या जिल्ह्याची आणि बाहेरचीही हळद त्याच पाच-सहा आठवड्यांत सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात उतरते. ज्याला विकल्याशिवाय गत्यंतर नाही त्याला भाव मागता येत नाही, मग त्याची हळद सेंद्रिय असो, पावडर असो की कंपनीमार्फत गेलेली असो. तुमच्या तिन्ही वाटा या एका अडचणीला वळसा घालून जातात. म्हणून माझा क्रम असा : आधी मार्चचा फास सैल करा, त्याच वर्षात रानाचा विकतचा खर्च कमी करा, आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघा.

फास सैल करायला नवीन काही शोधावं लागत नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि तिच्यात हळद बसते. माल बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवायचा, त्या दिवशीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत ६ महिने. हिशेब करून बघा. उदाहरणादाखल २० क्विंटल हळद ठेवली आणि भाव क्विंटलला १२ हजार धरला, तर मालाची किंमत २ लाख ४० हजार. कर्ज १ लाख ८० हजार. चार महिन्यांचं व्याज ३,६०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे १८० रुपये. त्या कर्जातून सोसायटी मुदतीत भरा. व्याजसवलत शाबूत राहते आणि माल तुमच्या नावावर गोदामात असतो. गावात शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपयांनी, उचलले असते तर याच चार महिन्यांचे १४,४०० गेले असते.

तारणासाठी सातबारा लागतो आणि त्यावर हळदीची नोंद लागते. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची सरकारी नोंद, शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. खरिपात ती करायची राहून गेली की फेब्रुवारीत तलाठ्याच्या मागे फिरण्याची वेळ येते. हे काम सासरे किंवा मालक ‘बघू, करू’ म्हणत पुढं ढकलतात, असा माझा सगळीकडचा अनुभव आहे. मोबाईल तुम्हीच हातात घ्या.

पण थांबलं की भाव वाढतोच, असं मात्र मनात धरू नका. २०२३ साली एप्रिलमध्ये क्विंटलला सात हजारांच्या आसपास असलेली हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या घरात गेली आणि थांबलेल्यांचं सोनं झालं. त्याआधी २०१० च्या अखेरीला हळद पंधरा हजारांच्या वर गेली होती. ती अजून वाढेल म्हणून धरून बसलेल्यांनी २०१२ मध्ये तीच चार हजारांच्या आसपास विकली. म्हणून सगळा माल कधीच धरायचा नाही. माझा शिरस्ता तीन वाट्यांचा : एक वाटा हंगामात विकायचा, एक तारणात ठेवून मे-जूनच्या सुमाराला, आणि तिसरा सहा महिन्यांच्या मुदतीआधी, मिळेल त्या भावाने. तिसऱ्या वाट्याच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. ‘अजून पंधरा दिवस बघू’ या एका वाक्याने या भागात बरीच घरं बुडाली आहेत.

माल घरी साठवायचा विचार असेल तर नदीकाठ विसरू नका. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, त्या मातीचा गुणच तसा. पण २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. २०१९ आणि २०२१ ला तुमच्याच तालुक्यात पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही पाहिलंय. जून लागायच्या आत माल उंचावरच्या गोदामात गेला पाहिजे, आणि गोदामाचा विमा आहे का, हे ठेवण्याआधी विचारायचं.

आता मालाकडे. भावातला जो फरक बाजारात पडतो असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा घरच्या खळ्यावर पडलेला असतो. सौद्याला, म्हणजे यार्डातल्या लिलावाला, खरेदीदार काय करतो ते एकदा जवळून बघा. ढिगात हात खुपसून खालून मूठभर हळद काढतो, कारण वरची चांगली असणार हे त्याला माहीत असतं. एक हळकुंड घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मोडतो. नीट वाळलेलं हळकुंड कट्कन मोडतं, वातड वाकत नाही. मग मोडलेल्या तोंडाकडे बघतो. आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा असेल तर शिजणं बरोबर झालं. मध्यात फिकट डोळा दिसला की कच्ची, काळपट पडली असेल तर जास्त शिजलेली. मग बोटांना माती लागली का ते बघतो. एवढ्यात भाव ठरतो, एका मिनिटाच्या आत, आणि तुमच्या नऊ महिन्यांच्या राबण्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

या मिनिटाची तयारी काढणीपासून करायची. पाला कापल्यावर आठ-दहा दिवस रान तापू द्यायचं, मग काढायची. जेठे गड्डे (मधला मूळ कंद), बगल गड्डे (त्याच्या बाजूचे) आणि हळकुंडं शिजवण्याआधीच वेगळी करायची. जाड गड्डा शिजायला जास्त वेळ घेतो, त्याच्याबरोबर बारीक हळकुंड टाकलं की एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं गळून जातं. जुन्या कायलीपेक्षा वाफेचा कुकर बरा, वेळ आणि जळण दोन्ही वाचतं. पण कुकरवाला दिवसाला जास्त ट्रॉल्या उरकायच्या घाईत असतो, तेव्हा काडी टोचून बघणारं माणूस तुमच्या घरचं पाहिजे. काडी सहज आरपार गेली की उतरवायची. वाळवण ताडपत्रीवर, उघड्या मातीवर अजिबात नको. दहा-बारा ते पंधरा दिवस लागतात आणि ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला पाहिजे. तारणात ठेवायची असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ओली हळद गोदामात बुरशी धरते. हळकुंड, गड्डा, कणी (बारीक तुकडे) असे तीन ढीग वेगळे विका. एकत्र ढिगाला भाव कणीच्या बाजूने झुकतो.

पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब लिहिलेली पावती, हातात आली की ती फाइलला लावून ठेवा. भाव, वजन, तोलाई, हमाली, अडत, वजनातली सूट, प्रत्येक रकाना बघा. दोन-तीन वर्षांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की कुठे किती जातंय ते आपोआप कळतं.

रानाचा खर्च हा दुसरा मुद्दा, आणि इथे तुमच्या सेंद्रियच्या प्रश्नाचं उत्तर येतं.

एक एकर हळदीला शिफारशीप्रमाणे दहा-बारा टन चांगलं कुजलेलं शेणखत लागतं. तुमच्या दोन गाईंचं शेण वर्षभर एक पाटीही वाया न घालवता कुजवलं तरी हातात तीन-चार टन येईल. उरलेलं विकत आणायचं तर ट्रॉलीचा भाव तुम्हाला माहीत आहे. शिवाय ते शेण ज्या गोठ्यातून येतं, त्याने काय चारलं, कोणतं तणनाशक मारलेल्या रानातली वैरण घातली, हे कुणाला ठाऊक? दीड एकर उसाचा तर प्रश्नच नाही. कारखाना सेंद्रिय उसाला वेगळा भाव देत नाही, सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर सगळ्यांना एकच. आणि सेंद्रियचा शिक्का लावायचा तर सहभागी हमी पद्धतीत, जिथे शेतकरीच एकमेकांचं रान तपासतात, किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, रूपांतराचा काळ जातो, शेजारच्या रानातला फवारा आणि पुराचं पाणी बांध बघून थांबत नाही. माझं मत स्पष्ट आहे : अडीच एकरवाल्याने एका झटक्यात सगळं सेंद्रिय करू नये. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न पडतं आणि ती पडझड सोसायला तुमच्याकडे शिल्लक नाही. रासायनिक खर्च पायरी-पायरीने उतरवत जा. दहा गुंठे हळद पूर्ण सेंद्रिय करून बघायला मात्र काहीच हरकत नाही.

पायरी पहिली, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. तुमचा खोडवा आहे म्हणून हे तपशिलात सांगतो. एकरी साडेतीन-चार टन पाचट निघतं आणि आपल्याकडे तोड झाली की संध्याकाळी काडी लागते. जळताना त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातात. राख तेवढी उरते, आणि खताच्या दुकानात तेच नत्र आपण गोणीने विकत आणतो. त्याऐवजी तोड झाली की बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायचे, त्यावर पाचट राहू द्यायचं नाही. पाचट सरीत पसरायचं, प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं. चार टनांना ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो झालं. मग पाणी. खत फेकून द्यायचं नाही, पाचटावर पडलेलं खत पिकाला मिळतच नाही. पहारीने द्यायचं : बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटर अंतरावर, तेवढंच खोल, दोन भोकांत साधारण एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा साधारण साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची ही पद्धत जुनी आहे आणि तिला लागतात ती फक्त माणसं आणि धीर. पाचट राखलेल्या रानात तण कमी येतं, दोन पाण्यांतलं अंतर वाढतं. उपसा योजनेचं पाणी पाळीने येतं आणि उन्हाळ्यात वीज रात्रीची, तेव्हा ही एक पाळी वाचणं म्हणजे काय ते ज्याने रात्री दोनला दारं धरलीत त्याला विचारा.

एक अडचण खरी आहे. ऊसतोड टोळ्या पेटवलेला ऊस तोडायला मागतात, काम लवकर उरकतं म्हणून. तुम्ही नाही म्हणालात तर तोडीची पाळी मागे जाते, खुशालीचे, म्हणजे टोळीला वर द्यायचे पैसे वाढतात. याला एकट्याने तोंड देणं अवघड आहे. एका गटातल्या आठ-दहा जणांनी मिळून ‘जाळायचा नाही’ असं चिटबॉयला, म्हणजे उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, नोंदणीच्या वेळीच सांगितलं तर टोळीही ऐकते. आणि जळक्या उसाच्या बिलात कपात होते, ती पण धरा.

दुसरी पायरी फेरपालट. हळदीवर हळद घेऊ नका, कंदकूज पुढच्या वर्षीची सोय मागच्या वर्षीच करून ठेवते. हळदीनंतर हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून फुलावर येताच, साधारण दीड महिन्यात गाडा. रान चोपणाकडे (क्षारांनी घट्ट होण्याकडे) झुकतं असेल, उन्हाळ्यात पांढरं फुलत असेल, तर तागाऐवजी धैंचा. पण नदीकाठच्या अशा जमिनीत मुळातला रोग साचलेलं पाणी हा आहे. निचऱ्याची चर न काढता जिप्सम ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आधी माती तपासा, क्षारता आणि विम्लता (अल्कलीपणा) दोन्ही. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्यापासून लांब नाही. हळदीवर आणि क्षारपड जमिनीवर दोन्हींवर तिथे काम होतं, ‘फुले स्वरूपा’ ही हळदीची जात तिथलीच. जाऊन बोला.

कंदमाशीसाठी लगेच दाणेदार कीटकनाशकाची पिशवी फोडण्याआधी एरंडीचा उपाय करून बघा. पसरट भांड्यात २०० ग्रॅम भरडलेलं एरंडीचं बी आणि लिटर-दीड लिटर पाणी, एकरी दोन-तीन भांडी. आठ-दहा दिवसांत आंबलं की माश्या त्यात येऊन मरतात. उघडे पडलेले कंद वेळेवर मातीने झाकले, म्हणजे भरणी नीट केली, तर निम्मं काम तिथेच होतं. ठिबक नसेल तर अर्ज करा. दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. गादीवाफ्यावर हळद आणि ठिबकातून खत, यात खताची गोणी वाचते.

गाईंबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण त्या विकायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. उसाचं बिल कायद्याने चौदा दिवसांत यायला हवं, येतं कधी ते आपण बघतो. हळद वर्षातून एकदा. दर दहा दिवसांनी घरात येणारा पैसा फक्त दुधाचा आहे, आणि किराणा त्याच्यावर चालतो म्हणूनच हळद थांबवायची ताकद घराला येते.

आता पुण्याचं गिऱ्हाईक. एका एकरातून वाळलेली २४ क्विंटल हळद निघते असं धरू. चौघांच्या घराला वर्षाला किलो-दीड किलो हळद पुरते. म्हणजे सगळी पावडर विकायला तुम्हाला सोळाशे ते चोवीसशे घरं लागतील, आणि ती दरवर्षी परत आली पाहिजेत. ही दुकानदारी झाली. त्यासाठी दळण, पाकीट, कुरिअर, फोन, उधारी आणि ‘मागच्या वेळचा रंग जास्त पिवळा होता’ या तक्रारी, सगळं आलं. दोन क्विंटल पावडर मात्र दीडशे-दोनशे घरांत जाते, आणि तेवढी घरं नात्यागोत्यातून, मुलांच्या ओळखीतून, एखाद्या गृहसंकुलाच्या गटातून मिळू शकतात. पहिल्या वर्षी तेवढंच करा. अन्नसुरक्षा विभागाची मूलभूत नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, ती आधी करून घ्या. स्वतःची चक्की घेऊ नका, दळून आणा. पुढे विक्री पाच-सहा क्विंटलवर गेली तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांना ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेतलेली आणि आता त्यावर कोंबड्या बसतात अशी शेड मी या जिल्ह्यात पुष्कळ बघितली आहेत. ‘सांगलीची हळद’ याला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली तर पाकिटावर ते लिहिता येतं, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘सेंद्रिय’पेक्षा ते लवकर पटतं.

राहिली उत्पादक कंपनी. सामील व्हा, पण आंधळेपणाने नको. केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत सभासदामागे दोन हजारांपर्यंत भागभांडवलाचं अनुदान मिळतं, कमाल १५ लाख, आणि तीन वर्षं व्यवस्थापन खर्चाला १८ लाखांपर्यंत मदत. चौथ्या वर्षी काय, हा खरा प्रश्न. वार्षिक सभेत तो विचारा. आणखी दोन गोष्टी विचारा : सभासदाचा माल घेतला की पैसे कुठून देणार, म्हणजे खेळतं भांडवल किती आहे, आणि गेल्या वर्षी कुणाला किती माल कोणत्या भावाने विकला. याची उत्तरं कागदावर मिळाली तर कंपनी जिवंत आहे. नुसते फोटो आणि सत्काराचे हार दाखवले तर शेअर घेऊन ठेवा, हळद देऊ नका. नव्या कंपनीने पहिल्या दिवशी निर्यातीच्या गप्पा मारू नयेत असं मला वाटतं. सामाईक कुकर, पॉलिशचा ड्रम, ओलावा मोजायचं यंत्र आणि सभासदांचा माल एकत्र करून तारणात ठेवणं, एवढं जरी तिने नीट केलं तरी सभासद टिकतील. पहिल्या वर्षी तुमची पाच क्विंटल द्या आणि त्याच आठवड्याच्या यार्डातल्या भावाशी ताडून बघा. दोनशे रुपये बाहेर जास्त मिळतात म्हणून शब्द दिलेला माल दुसरीकडे घालू नका, सभासदांच्या याच सवयीने कंपन्या मोडतात.

सभासद स्वतःच्या नावाने व्हा. राबणारी तुम्ही, हिशेब लिहिणारी तुम्ही, आणि सभेत हात वर करायला मालक, हे बरं नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून अडवतील. मालकांच्या नावावर रान असेल तर सरकारच्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सहहिस्सेदार म्हणून तुमचं नाव लागू शकतं. सासऱ्यांच्या नावावर असेल तर कंपनीला सांगा की गाई आणि दूध तुमचं आहे, उत्पादक म्हणून तुम्ही बसता.

गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या, सोसायटीच्या कर्जाचा उतारा आणि माती तपासणीचा कागद पाठवलात तर यंदा किती क्विंटल मार्चमध्ये विकायची आणि किती तारणात टाकायची, ते आकड्यांत सांगतो. नदीपासून घर किती वर आहे तेही कळवा.